कॉफीचे प्रश्न : ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत

ऑक्टोबरची तलखी ओसरली, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला, की या सदराच्या टपालात चहा मागे पडतो आणि कॉफी पुढे येते. या खेपेची निम्मी पत्रं घरच्या कॉफीबद्दल आहेत, निम्मी नाताळच्या तयारीबद्दल. परदेशातल्या वाचकांच्या पत्रांत मात्र दोन्ही एकत्र आहेत, कारण तिकडे पानं रंग बदलू लागली की दुकानांत नाताळ येऊन बसतोच. उत्तरांत ‘चमचा’ म्हणजे सपाट भरलेला चहाचा चमचा, ५ मिलिलिटरचा. ‘मोठा चमचा’ १५ मिलिलिटरचा. शक्य असेल तिथे वजनच दिलं आहे. कॉफीच्या बाबतीत चमच्यापेक्षा वजनकाटा केव्हाही बरा.

प्रश्न : आमच्याकडे कोजागरी झाली की संध्याकाळी दुधाची कॉफी सुरू होते, जायफळ घालून. सासूबाईंची छान होते, माझी नाही. जायफळ जरा जास्त झालं की कडवट लागतं, कमी पडलं तर वासच येत नाही. गूळ घालून पाहिला तर दूध फाटलं. – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : जायफळ किती घालता याइतकंच ते कधी घालता हेही महत्त्वाचं. जायफळाचा वास त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. दुधाबरोबर पाच मिनिटं उकळलं की वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात उरतो तो तुरट-कडवट भाग. मग वास कमी वाटतो म्हणून आणखी घातलं जातं आणि कडवटपणा वाढतो.

चार कपांसाठी अर्धा लिटर सायीचं दूध आणि १०० मिलिलिटर पाणी घ्या. पाण्यात चार चमचे साखर आणि दोन ठेचलेल्या वेलच्या टाकून एक उकळी आणा, त्यात दूध घाला, पुन्हा उकळी आली की गॅस बंद. चार चमचे इन्स्टंट कॉफी दोन मोठे चमचे कोमट पाण्यात कालवून आता घाला. कोरडी पूड गरम दुधावर टाकली की गुठळ्या होतात. सगळ्यात शेवटी जायफळ. चार कपांना मिळून पाव चमच्याचाही निम्मा कीस पुरतो. झाकण ठेवून एक मिनिट थांबा आणि ओता. सहाण असेल तर किसणीपेक्षा तीच बरी : थेंबभर दुधात पाच-सहा वळसे उगाळलं की जायफळ कपात विरघळल्यासारखं होतं, तळाशी रवाळ गाळ राहत नाही. डबीतली तयार पूड काही महिन्यांत निर्जीव होते, ती या कॉफीला उपयोगाची नाही. जायफळ घेताना हाताला जड लागणारं, भोकं नसलेलं घ्या. सुईचं टोक रुतवलं तर तेलाचा ओलसर डाग दिसायला हवा. कोकणात नारळीच्या बागांत जायफळाची लागवड होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ ही जातही दिली आहे. ओळखीत कुणाची बाग असेल तर तिथलंच मागवा.

झोप लागावी म्हणून कुणी जायफळ वाढवत असेल तर ते थांबवा. काही ग्रॅम जायफळ पोटात गेलं तर मळमळ, धडधड, चक्कर असा त्रास होतो.

गुळाचं म्हणाल, तर गूळ आंबटसर असतो, कॉफीही आम्लधर्मी, आणि त्यात दूध उकळतं. तिन्ही एकत्र आले की दुधातलं प्रथिन एकवटतं, म्हणजेच दूध फाटतं. गूळ जुना किंवा ओलसर असेल तर आणखी लवकर. गूळ आणि कॉफी थोड्या गरम पाण्यात वेगळी विरघळवा, दूध खाली उतरवून दोन मिनिटं थांबा आणि मग ते पाणी बारीक धारेने घाला. नंतर परत गॅसवर चढवू नका.

प्रश्न : इथे ‘पम्पकिन स्पाइस’चा, म्हणजे दालचिनी-सुंठ-जायफळाच्या मसाल्याच्या कॉफीचा, हंगाम आहे. मुलीला ती कॉफी घरी हवी असते. दालचिनी-सुंठेची पूड घालून सिरप केलं तर ते बुळबुळीत होतं, तळाशी चिखल बसतो. शिवाय आलं घातलं की दूध नासतं. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : बुळबुळीतपणा दालचिनीचा. तुमच्याकडे मिळते ती बहुतेक जाड सालीची, कॅसिया जातीची, आणि तिची पूड पाण्यात फुगून चिकट होते. म्हणून सिरपला पूड नकोच, अख्खा मसाला घ्या. २५० मिलिलिटर पाणी, २०० ग्रॅम ब्राउन शुगर, बोटभर लांबीच्या दोन दालचिनी, सहा लवंगा, आल्याच्या सात-आठ चकत्या आणि पाव जायफळ ठेचून, असं मंद आचेवर २० मिनिटं ठेवा, गाळा, थंड झाल्यावर एक चमचा व्हॅनिला. फ्रिजमध्ये दोन आठवडे बिनघोर टिकतं. एका मोठ्या कपाला दोन मोठे चमचे सिरप, ६० मिलिलिटर कडक कॉफी आणि २०० मिलिलिटर गरम दूध.

कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्याने दूध फुटतं. आलं पाण्यात खळखळून उकळलं की ते निष्प्रभ होतं. वरच्या कृतीत आलं आधीच शिजतं, त्यामुळे तो प्रश्न उरत नाही.

भोपळा घालायचा का? घातला तर दाटपणा येतो, चव जवळजवळ नाहीच. अमेरिकेत ही कॉफी लोकप्रिय केली स्टारबक्सने २००३मध्ये, आणि तिच्यात भोपळ्याचा गर पडू लागला तो २०१५पासून. मधली बारा वर्षं लोक मसाल्यावरच खूश होते. हौस असेल तर दोन मोठे चमचे गर सिरपमध्ये घोटा, पण मग ते आठवड्यात संपवा; भोपळा साखरेत असला तरी आंबतो.

प्रश्न : हौसेने दोन भांड्यांचा पितळी फिल्टर आणला. उन्हाळ्यात डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) नीट उतरायचं, थंडी पडली की उतरतच नाही. रात्रभर ठेवलं तर सकाळी पाणचट आणि आंबूस लागतं. पूड ८०:२०ची (८० भाग कॉफी, २० भाग चिकोरीच्या मुळांची पूड), दुकानातून दळून आणलेली. – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिकच्या डिसेंबरात पहाटे पितळ बर्फासारखं गार असतं. उकळतं पाणी त्यात पडताक्षणी त्याची बरीच उष्णता भांडंच खातं. कोमट पाण्यात कॉफी पुरेशी उतरत नाही. म्हणून आधी दोन्ही भांड्यांतून उकळतं पाणी फिरवा आणि वरचं भांडं आतून कोरडं पुसा. ओलसर राहिलं तर पूड भोकांना चिकटून बसते.

मग २५ ग्रॅम पूड, म्हणजे साधारण पाच सपाट मोठे चमचे. भांडं हलकेच टेबलावर आपटून पूड सारखी करा आणि दांडीची चकती वर नुसती टेकवा. अंगठ्याने दाबायची सवय असेल तर सोडा. निम्म्या घरांत डिकॉक्शन अडतं ते तिथेच. पाण्याला उकळी आली की अर्धा मिनिट थांबून आधी ३० मिलिलिटर गोल फिरवत ओता. पूड फुगते, बुडबुडे येतात. पाऊण मिनिटाने उरलेलं १२० मिलिलिटर. झाकण लावा. १५ ते २० मिनिटांत साधारण १०० मिलिलिटर दाट डिकॉक्शन खाली यायला हवं. ५० मिलिलिटर पूडच धरून ठेवते, ते मिळणार नाही. तीन-चार कपांना एवढं पुरतं : एका भागाला तीन भाग दूध.

थेंब मध्येच थांबले तर वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा. दोन्ही भांडी घट्ट बसली की खालची हवा अडकते आणि तीच थेंबांना वर थोपवून धरते. तरीही अडलं तर रिकामं भांडं उजेडासमोर धरून भोकं पाहा. स्टीलचा फिल्टर काही जण सरळ गॅसच्या ज्योतीवर धरून भोकं मोकळी करतात. पितळीला आतून कल्हई असेल तर हे चुकूनही करू नका, कल्हई वितळेल. पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा आणि मऊ ब्रशने घासा.

चिकोरी पाणी शोषून फुगते, त्यामुळे तिचं प्रमाण वाढलं की उतरणं मंदावतं. ८०:२० योग्यच आहे. पाकीट बदलाल तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचा : नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांहून कमी चालत नाही, पण ५१च्या आसपासची पाकिटं सर्रास मिळतात आणि त्यांचं डिकॉक्शन रंगाला काळंभोर, चवीला काढ्याच्या अंगाने जातं. दुकानदाराला ‘फिल्टरसाठी’ दळायला सांगा. मैद्यासारखी पिठूळ पूड या भांड्याला चालत नाही, रवाळ लागते.

रात्रभर बाहेर ठेवणं नकोच. सकाळची घाई असेल तर रात्री उतरवून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी त्यावर उकळतं दूध ओता. डिकॉक्शन गॅसवर तापवलं की कडू होतं.

प्रश्न : नवऱ्याला कॉफीचं वेड आहे. इथे नाताळच्या आधी रोज एक खिडकी उघडायची, असं २४ दिवसांचं आगमनकाळाचं कॅलेंडर असतं. कॉफीचंही तयार मिळतं, पण महाग, आणि निम्म्या पुड्या हेझलनट-व्हॅनिलाच्या. घरी करायचं आहे. शेवटच्या पुडीतली कॉफी २४ डिसेंबरला ताजी राहील का? – एक वाचक, श्टुटगार्ट, जर्मनी

उत्तर : राहील, बिया अख्ख्या असतील तर. दळलेली कॉफी काही दिवसांतच वास टाकते, तिचं २४ दिवसांचं कॅलेंडर करणं म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून शिळी कॉफी देणं. घरी ग्राइंडर नसेल तर आधी तो घ्या, अगदी हाताने फिरवायचा चालेल.

हिशेब असा. गाळून केलेल्या कॉफीला एका मगाला १५ ग्रॅम बिया आणि २५० मिलिलिटर पाणी. दोघांसाठी ३० ग्रॅम, चोवीस दिवसांचे ७२० ग्रॅम. रोस्टरकडची, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याकडची, पाकिटं बहुधा २५० ग्रॅमची. तीनच प्रकार घेतले तर एकेक कॉफी आठ वेळा येते, मजा जाते. सहा प्रकार घेतले तर निम्म्याहून जास्त उरते. म्हणून आणखी एक घर सोबत घ्या. सहा पाकिटं, प्रत्येकातून ३० ग्रॅमच्या आठ पुड्या. चार तुमच्या, चार त्यांच्या. प्रत्येक पाकिटात १० ग्रॅम उरतात, ते ग्राइंडर जुळवून पाहायला लागतातच.

खरेदी फार आधी करू नका. नोव्हेंबरच्या मध्यावर भाजलेल्या बिया मागवा. ताज्या भाजलेल्या बियांतून कितीतरी दिवस कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. पहिल्या आठवड्यात त्यामुळे चव उथळ आणि रोज वेगळी लागते, दुसऱ्या आठवड्यापासून ती स्थिर होते. म्हणजे १ डिसेंबरला बिया अगदी रंगात असतील. पाकिटाला एका बाजूने हवा बाहेर सोडणारी बारीक झडप असते ती या वायूसाठीच. तुमच्या छोट्या पुड्यांना झडप नसणार, म्हणून भाजल्यानंतर आठवडाभर बिया मूळ पाकिटातच राहू द्या, पुड्या २२ ते २५ नोव्हेंबरच्या सुमारास भरा. त्याआधी भरल्या तर फुगतील आणि एखादी शिवणीवर उसवेल.

पुड्या अॅल्युमिनियमचं अस्तर असलेल्या झिपच्या घ्या, हवा दाबून काढून बंद करा. नुसत्या कागदी पुड्या दिसायला गोड, पण त्यांतून हवा आरपार जाते. सजावटीचा कागद, चांदण्या, आकडे सगळं बाहेरून चिकटवा. १३ ते २४च्या पुड्या भरल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका आणि त्यांच्या जागी कॅलेंडरवर आकड्याच्या चिठ्ठ्या लावा. आदल्या रात्री एकेक बाहेर काढायची. सकाळपर्यंत खोलीइतकी होईतो उघडायची नाही, नाहीतर गार बियांवर हवेतलं बाष्प धरतं. एकदा काढलेली परत आत टाकायची नाही. फ्रिजचा खालचा कप्पा मात्र अजिबात नको. तिथला कांद्या-चीजचा वास बिया ओढून घेतात.

क्रम लावण्यातही थोडं डोकं लागतं. नवरा एस्प्रेसो मशीन वापरत असेल तर रोज वेगळी कॉफी देऊ नका. प्रत्येक नव्या बियांना दळण्याची बारकाई बदलावी लागते आणि पहिला कप बहुतेक वेळा वाया जातो. ३० ग्रॅमच्या पुडीत १८ ग्रॅमची एकच खेप बसते. म्हणून मशीनसाठी ३६ ग्रॅमची पुडी करा आणि एकच जात सलग तीन-चार दिवस ठेवा. गाळून करत असाल तर हवी तशी उलटसुलट लावा, सुरुवात हलक्या भाजलेल्या, फळांच्या चवीच्या बियांनी आणि शेवट नाताळच्या केकशी जमेल अशा गडद बियांनी. पुडीच्या आत छोटी चिठ्ठी : कुठली कॉफी, भाजल्याची तारीख, पाणी किती.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार वेगळे मोजा. कॅलेंडर नेहमी १ तारखेला सुरू होतं, पण पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही पडतो. चार मेणबत्त्यांच्या वर्तुळातली एकेक दर रविवारी लावायची प्रथा तुमच्याच देशातली : हँबुर्गच्या अनाथाश्रमात योहान हिन्रिक विखर्न यांनी १८३९मध्ये ती सुरू केली, तेव्हा रोजचीही एकेक मेणबत्ती असे. रविवारी दुपारी केकबरोबर कॉफी घेण्याची तिकडची पद्धत आहेच, तेव्हा कॅलेंडरात येणाऱ्या रविवारांच्या पुड्या पाहुणे धरून ६० ग्रॅमच्या करा. ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, एखादी भारतीय कॉफी ठेवा.

हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि दळलेली पूड स्थिर विजेने ग्राइंडरभर उडते. चमच्याची दांडी ओली करून दळण्यापूर्वी बियांतून एकदा फिरवा. एवढ्याशा ओलीने पूड सरळ भांड्यात पडते.

प्रश्न : डिसेंबरात ‘कूर्गची नवी कॉफी’ म्हणून जाहिराती येतात. नाताळात भेट द्यायला मागवावी का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भेट द्या, पण ‘नवी’ या शब्दावर जाऊ नका. कर्नाटकात अरेबिका जातीच्या कॉफीची वेचणी साधारण नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते, रोबस्टा ही दुसरी जात त्याच्या मागून. वेचलेली फळं सोलायची, आंबवायची, धुवायची, कित्येक दिवस उन्हात वाळवायची, मग चिकमगळूर-हासनकडच्या क्युरिंग कारखान्यांत टरफलं काढून प्रतवारी. हे सगळं उरकून रोस्टरकडे माल येतो तो फेब्रुवारी-मार्चपासून. नाताळात आपण पितो ती बहुतेक गेल्या हंगामाची कॉफी. त्यात वाईट काही नाही. कच्च्या बिया नीट साठवल्या तर वर्षभर टिकतात. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा, ती तीन आठवड्यांच्या आतली असली की झालं. नुसतीच ‘वापरण्याची अंतिम तारीख’ छापली असेल तर सोडून द्या.

या हंगामात खरोखर नवी मिळते ती ‘मॉन्सून्ड मलबार’. जून ते सप्टेंबर या काळात मंगळूरच्या किनाऱ्याजवळच्या मोकळ्या गोदामांत बिया पसरून त्यांना समुद्राचा दमट वारा देतात, वरचेवर उलथतात. बिया फुगतात, फिकट सोनेरी होतात, आंबटपणा जवळजवळ जातो. दुधातल्या कॉफीला ती फार छान. फिल्टरला मात्र एक श्रेणी बारीक दळा, या बियांचं पाणी लवकर निघून जातं. आपल्याच राज्यातली हवी असेल तर चिखलदऱ्यातही कॉफीची लागवड आहे. तिकडे फिरायला जाल तेव्हा चौकशी करा.

प्रश्न : आमच्या घरात दारू चालत नाही. गेल्या वर्षी केकची फळं संत्र्याच्या रसात महिनाभर आधी भिजवली, ती आंबून फेस आला. कॉफीत भिजवली तर चालतील का, आणि कधी? – एक वाचक, वसई

उत्तर : कॉफीत फळं अप्रतिम भिजतात, पण महिनाभर नाही. रममध्ये फळं टिकतात ती तिच्यातल्या ४० टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमुळे. रस असो वा कॉफी, फळांची साखर आणि पाणी एकत्र आलं की यीस्टला मेजवानी. १२ तास पुरेत, फ्रिजमध्ये जास्तीत जास्त दोन दिवस.

आठ इंची गोल टिनचं प्रमाण : ५०० ग्रॅम सुकी फळं (काळे मनुके, बेदाणे, बिया काढलेला खजूर, जर्दाळू, संत्र्याची पाकवलेली साल). चार चमचे इन्स्टंट कॉफी २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात, त्यात एका संत्र्याचा रस आणि किसलेली साल. गरम असतानाच फळांवर ओता, झाका. दुसऱ्या दिवशी चाळणीत अर्धा तास निथळा. पाणी राहिलं तर केक मधोमध कच्चा राहतो, आणि या केकची सगळ्यात जास्त तक्रार हीच. निथळलेली कॉफी टाकू नका.

ती कॅरमलला लागते. जाड बुडाच्या पातेल्यात ७५ ग्रॅम साखर कोरडीच वितळवा. गडद तांबूस होऊन धूर दिसू लागला की गॅस बंद, आणि ती कॉफी गरम करून ७५ मिलिलिटर थोडी थोडी घाला. जोरात फसफसतं, लांब दांड्याचा चमचा घ्या, चेहरा दूर ठेवा, मुलांना लांब. रंग यातूनच येतो, बाजारचा रंग घालायची गरज नाही. पूर्ण थंड होऊ द्या.

२०० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम ब्राउन शुगर फेसा, चार अंडी एकेक करून घाला. अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढा. गार अंड्याने मिश्रण फुटल्यासारखं दिसतं. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बदामाची पूड, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ, चार लवंगांची पूड. यातला दोन मोठे चमचे मैदा वेगळा काढून निथळलेल्या फळांवर भुरभुरवा, म्हणजे ती तळाला जाणार नाहीत. बेकिंग पावडर हौसेने वाढवू नका : केक भराभर फुगतो, मग मध्यभागी बसतो आणि फळं खाली जातात. शेवटी कॅरमल आणि फळं.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून वर्तमानपत्राची जाड पट्टी दोऱ्याने बांधलेली. त्यामुळे कडा करपत नाहीत. १५० अंशांवर दोन ते अडीच तास. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते. तासाभराने वर फॉइल झाका. मधोमध घातलेली काडी कोरडी आली की झालं. टिनमध्येच गार करा.

आता तारखा. दारूवर पोसलेला केक नोव्हेंबरात भाजून चालतो, तुमचा नाही. २० किंवा २१ डिसेंबरला भाजा, बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळा. बाहेर चार-पाच दिवस, फ्रिजमध्ये दहा दिवस. दुसऱ्या दिवशी कापलात तर भुसभुशीत तुटेल, तीन दिवसांनी सुरीला नीट धरतो. त्या आठवड्यात करंज्या, तळणीतले फुगे, येशूजन्माच्या गोठ्याची सजावट, चांदणीची वायर अशी शंभर कामं असतात. जमणार नसेल तर नोव्हेंबरअखेर भाजून गुंडाळलेलाच फ्रीझरमध्ये ठेवा, २३ला सकाळी बाहेर काढा, वेष्टण न काढता.

प्रश्न : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की दुपारी चारलाच अंधारतं. पाचला कॉफी घेतल्याशिवाय राहवत नाही आणि रात्री झोप येत नाही. – एक वाचक, हॅरो, लंडन

उत्तर : घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. पाचच्या मगातलं निम्मं कॅफिन दहाला तुमच्याबरोबर अंथरुणात असतं. शेवटची खरी कॉफी दोन-अडीचला घ्या, पाचला डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा मानतात, गरोदरपणात २००. गाळलेल्या कॉफीच्या मगात सहज १०० मिलिग्रॅम असतं. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, म्हणून पाकीट बदलल्यावर झोप बिघडली तर ते पाहा. दुधातल्या जायफळाच्या कॉफीला डिकॅफ वापरली तर फरक कुणाला कळत नाही.

प्रश्न : नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) आमच्या घरी तीसेक माणसं येतात. प्रत्येकाला गरम कॉफी, आणि दीड तास गॅसपाशी उभं राहणं नको. – एक वाचक, मडगाव

उत्तर : तीस लहान कपांना, १२० मिलिलिटरच्या, एक लिटर डिकॉक्शन आणि तीन लिटर दूध, थोडं जास्तच धरून. फिल्टर एवढं देणार नाही, फडकं वापरा. २५० ग्रॅम पूड, जराशी जाडसर दळलेली, मोठ्या पातेल्यात घ्या. दीड लिटर पाण्याला उकळी आली की अर्धा मिनिट थांबून ओता, एकदा ढवळा, झाका. पाच मिनिटांनी ओल्या करून पिळलेल्या मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. फडकं कोरडं असेल तर तेच बरीच कॉफी पिऊन टाकतं, आणि नवं असेल तर आधी नुसत्या पाण्यात उकळून घ्या, नाहीतर खळीची चव उतरते. पिळू नका. पिळलं की गाळ आणि कडूपणा दोन्ही येतात. आपोआप निथळेल तेवढं एक लिटर होतं.

हे सगळं चर्चला निघण्यापूर्वी, रात्री नऊच्या सुमारास. डिकॉक्शन उकळत्या पाण्याने तापवून घेतलेल्या थर्मासमध्ये भरा. दूध मात्र आधी तापवून थर्मासमध्ये ठेवू नका. कोमट दुधात चार तासांत जंतू वाढतात आणि पहाटे ते नासतं. आल्यावर तीन लिटर दूध दोन पातेल्यांत विभागून चढवा, एका मोठ्या पातेल्याला वेळ लागतो आणि बुडाशी लागतं. कपात आधी डिकॉक्शन, दोन मोठे चमचे, त्यावर उकळतं दूध. ट्रेमधले दहा-दहा कप एका वेळी भरा, तीन फेऱ्यांत काम आटोपतं. दोदोल आणि बेबिंका अशी गोड पक्वान्नं समोर असताना गोड कॉफी कुणी पीत नाही, म्हणून साखर घालूच नका, वाटीत चमच्यासह वेगळी ठेवा. आणि त्या वेळेला झोपायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी एका छोट्या थर्मासमध्ये डिकॅफ, वर चिठ्ठी लावून.